औषधाने दुखावलेले मूत्रपिंड कसे सावरते, आणि वृद्धिघटक इंजेक्शनने का देत नाहीत?

सांजवेळ (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्या वडिलांना, वय ६८, गेल्या वर्षी जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिनची इंजेक्शने देण्यात आली होती. आठव्या दिवशी क्रिएटिनिन (मूत्रपिंड दुखावले की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) ०.९ वरून ३.४ वर गेल्याचे कळले. लघवी मात्र एकदाही कमी झाली नव्हती, पिशवी रोज भरत होती, त्यामुळे आम्हा घरच्यांना शंका आली नाही आणि वॉर्डातही मधले चार दिवस कोणी क्रिएटिनिन तपासले नाही. औषध बंद केल्यावर आकडा आणखी दोन दिवस चढतच राहिला, मग हळूहळू उतरत पाच आठवड्यांनी १.१ वर आला. डायलिसिस लागले नाही.

"मूत्रपिंडाने स्वतःची दुरुस्ती केली," असे डॉक्टर म्हणाले आणि त्याच दमात त्यांनी दर सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासत राहा असेही सांगितले. दुरुस्ती झाली असेल तर तपासणी कशासाठी, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न वाचनातून आला. ईजीएफ, एचजीएफ, आयजीएफ-१ असे वृद्धिघटक, म्हणजे पेशींना वाढण्याचा आणि विभागण्याचा संदेश देणारी प्रथिने, दिल्यावर उंदरांचे आणि घुशींचे मूत्रपिंड लवकर बरे होते असे अनेक ठिकाणी लिहिलेले दिसते. मग ते माणसांना का देत नाहीत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

काचपट्टी

मी विकृतिशास्त्रात काम करतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते तिथून सुरुवात करतो.

दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक भाग नलिका परत शोषून घेतात. या शोषणाचा मोठा वाटा उचलणारी निकटस्थ नलिका, म्हणजे गाळणीनंतरचा नलिकेचा पहिला भाग, गाळातून आलेली प्रथिने गिळण्यासाठी पृष्ठभागावर मेगॅलिन नावाचा रिसेप्टर (ठरावीक पदार्थ पकडणारे प्रथिन) बाळगते. जेंटामायसिन याच दाराने आत शिरते आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, साठून राहते. तिथे मेदद्रव्यांचे पचन थांबते आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओंडक्याच्या कापावरील वलयांसारखे थर दिसू लागतात. रक्तातले निम्मे जेंटामायसिन दोन-तीन तासांत निघून जाते, पण मूत्रपिंडाच्या बाहेरच्या भागात ते कित्येक दिवस मुक्काम ठोकते. औषध बंद केल्यावरही वडिलांचा आकडा चढत राहिला तो यामुळेच. लघवी कमी न होणे हे तर या इजेचे नेहमीचे लक्षण आहे, आणि त्यानेच ती चकवते.

आता दुरुस्तीविषयी. मेलेल्या पेशी गळून पडतात आणि नलिकेत त्यांचे साचे तयार होतात. लघवीच्या थेंबात हे मातकट तपकिरी, दाणेदार साचे पाहिले की बहुधा निदान होतेच. पेशी गेल्या तरी त्या ज्या पायावर उभ्या होत्या तो पातळ पडदा बहुतेक ठिकाणी शाबूत असतो. त्यावर शेजारच्या जिवंत पेशी आडव्या होऊन पसरतात. एरवी उंच, दाट केसाळ काठाची असणारी पेशी फरशीवर सांडलेल्या मेणासारखी चपटी दिसते. मग ती विभागते. निरोगी मूत्रपिंडात विभागणारी पेशी शोधावी लागते, पण या काळात एकाच दृष्टिक्षेत्रात दोन-तीन सापडतात. ही दुरुस्ती बाहेरून आलेल्या मूळपेशी करतात असे एके काळी मानले जाई, पण उंदरांमध्ये पेशींना खूण करून पाहिल्यावर काम मुख्यतः वाचलेल्या नलिकापेशीच करतात असे दिसले.

वडील तेव्हा दुसरे कोणते औषध घेत होते का? विशेषतः वेदनाशामक?

सांजवेळ

धन्यवाद. नाही, फक्त रक्तदाबाची एक गोळी होती.

ऋणझुण

म्हणजे नवे नेफ्रॉन (गाळणी आणि तिची नलिका मिळून होणारे एकक) तयार होत नाहीत का? मला वाटले होते की यकृतासारखे असेल.

काचपट्टी

नाही. माणसात नेफ्रॉन घडण्याचे काम गर्भावस्थेच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत संपते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख असतात, पण कोणाकडे दोन लाखांच्या आसपास तर कोणाकडे वीस लाखांहून अधिक. जुन्या नेफ्रॉनची नलिका दुरुस्त होते, नवा नेफ्रॉन मिळत नाही.

माशांचे तसे नाही. गोल्डफिश आणि झेब्राफिश यांच्या मूत्रपिंडाला इजा केल्यावर ते पूर्णपणे नवे नेफ्रॉन घडवतात, आणि गंमत म्हणजे प्रयोगांत ती इजा करण्यासाठी वापरले गेलेले औषध जेंटामायसिनच आहे.

टवाळ_मुनी

पहिला अवतार मत्स्य होता त्यामागे काही विचार असणार. आपण पुढचे अवतार घेत गेलो आणि नेफ्रॉनचा कारखाना पाण्यातच विसरून आलो.

रेणूबंध

टवाळ_मुनी, विसरलो हे खरे, पण सुटी अवजारे अजून आपल्याकडे आहेत. वृद्धिघटक म्हणजे ती अवजारे. (जीवरसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, क्षमस्व.)

ईजीएफचा शोध मूत्रपिंडाच्या संदर्भात लागलाच नाही. स्टॅन्ली कोहेन उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचत होते आणि ती पिल्ले अपेक्षेपेक्षा बरेच दिवस आधी डोळे उघडू लागली. पापण्या का उघडल्या याचा पाठपुरावा करत १९६२ साली त्यांनी ते प्रथिन वेगळे केले. पुढे १९८६ चे नोबेल त्यांना रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत मिळाले.

मूत्रपिंड स्वतः ईजीएफ भरपूर बनवते, पण जिथे जेंटामायसिनची इजा होते त्या निकटस्थ नलिकेत नव्हे, तर हेनलेच्या वळणाच्या जाड चढत्या भागात आणि त्यापुढच्या दूरस्थ नलिकेत. ते लघवीत मोठ्या प्रमाणात उतरते. उलट ईजीएफचा रिसेप्टर प्रामुख्याने पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला असतो. किल्ली एका खोलीत आणि कुलूप पलीकडच्या खोलीत, अशी ही रचना आहे. मधली भिंत पडली की दोघांची गाठ पडते आणि दुरुस्ती सुरू होते, अशी एक कल्पना आहे. ती मला मोहक वाटते, पण तिच्यावर सगळा भार टाकू नये, कारण इजेनंतर मूत्रपिंडातील ईजीएफचे उत्पादन चक्क घटते. त्या वेळी पुढे येतो तो त्याचा भाऊबंद एचबी-ईजीएफ. तो पेशीच्या पृष्ठभागावर बांधलेला असतो आणि विकराने (एन्झाइमने) कापला की मोकळा होऊन शेजारच्या पेशीला जाऊन चिकटतो.

एचजीएफ यकृतपेशींच्या अभ्यासातून १९८४ मध्ये पुढे आला. मूत्रपिंडात तो नलिकापेशी बनवत नाहीत, तर त्यांच्या मधल्या जागेतील आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी बनवतात. त्याचा रिसेप्टर, सी-मेट, मात्र नलिकापेशींवर असतो. म्हणजे शेजाऱ्याने हाक द्यायची आणि घरच्याने उठायचे. आयजीएफ-१ पेशीला मरणापासून वाचवतो आणि मूत्रपिंडाकडील रक्तप्रवाहही वाढवतो.

ऋणझुण

"शेजाऱ्याने हाक द्यायची" हे आवडले. पण इजेनंतर ईजीएफ घटते असे तुम्हीच म्हणता, तर घटलेली वस्तू बाहेरून भरून द्यावी हा सरळ हिशेब आहे. इन्सुलिनचे आपण तेच करतो.

संशयात्मा

हा सरळ हिशेबच मांडला गेला होता आणि तो चुकला.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून घुशींवरचे निष्कर्ष एकापाठोपाठ एक येत गेले. रक्तपुरवठा तोडून केलेल्या इजेत ईजीएफने नलिका लवकर भरून येतात, जेंटामायसिनच्या इजेतही येतात, पारा किंवा सिसप्लॅटिन हे कर्करोगाचे औषध दिलेल्या उंदरांना एचजीएफने फायदा होतो. मग आयजीएफ-१ माणसांत वापरून पाहिले गेले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत तीव्र मूत्रपिंड निकामी झालेले अतिदक्षता विभागातील ७२ रुग्ण होते. इंजेक्शन मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत फरक आढळला नाही. नंतर एचजीएफसारखे काम करणाऱ्या एका लहान रेणूची चाचणी प्रत्यारोपित मूत्रपिंड उशिरा सुरू होणाऱ्या रुग्णांवर झाली, आणि २०२१ मध्ये तीही मुख्य कसोटीवर उतरली नाही.

घूस तरुण असते, निरोगी असते, आणि इजा नेमकी कोणत्या मिनिटाला झाली हे प्रयोगकर्त्याला ठाऊक असते, कारण ती त्यानेच केलेली असते. औषध तो तासाभरात देतो, कधी आधीच देतो. रुग्णाच्या बाबतीत क्रिएटिनिन वाढल्याचे कळेपर्यंत एक-दोन दिवस गेलेले असतात. सांजवेळ यांच्या वडिलांच्या बाबतीत तर त्याहून अधिक गेले.

रेणूबंध

संशयात्मा, उशिराचे कारण मान्य आहे, पण ते एकटे पुरेसे नाही. लघवीतील विकरे मोजून, क्रिएटिनिनची वाट न पाहता, लवकर एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरक) देण्याची चाचणी झाली होती. २०१० मध्ये तिचा निष्कर्षही नकारार्थीच आला. वेळ सुधारूनही काम झाले नाही.

संशयात्मा

ती लवकर म्हणजे घुशीइतकी लवकर नव्हती, हेही लिहा.

रेणूबंध

लिहिले असे समजा. मुद्दा तरीही राहतोच.

गोळीबंद

औषधनिर्माण क्षेत्रातून एक वेगळी अडचण मांडतो. औषधाने मूत्रपिंड दुखावलेल्यांमध्ये सिसप्लॅटिन घेणारे पुष्कळ असतात. हे औषध नलिकापेशीत ओसीटी-२ या वाहकातून शिरते आणि निकटस्थ नलिकेच्या शेवटच्या सरळ भागाला सर्वाधिक झोडपते. आता ज्या माणसाच्या शरीरात कर्करोग आहे, त्याला पेशी वाढवणारे प्रथिन टोचायचे का? ईजीएफचा रिसेप्टर आणि सी-मेट हे दोन्ही अनेक गाठींमध्ये वाढीचे खटके आहेत आणि ते बंद करण्यासाठी तर आपण औषधे देतो. एका हाताने खटका बंद आणि दुसऱ्या हाताने चालू, असे होईल.

याचा उलटा पुरावाही मूत्रपिंडातच दिसतो. ईजीएफचा रिसेप्टर अडवणारे सेटुक्सिमॅब दिले की अनेक रुग्णांच्या रक्तातले मॅग्नेशियम घसरते, कारण दूरस्थ नलिकेत मॅग्नेशियम परत ओढून घेणारी टीआरपीएम-६ ही वाहिनी ईजीएफच्या इशाऱ्यावर चालते. म्हणजे हा वृद्धिघटक केवळ इजेनंतर धावून येणारा गवंडी नसून रोजचा कारभारीही आहे.

प्रत्यक्षात जे उपयोगी पडते ते साधे आहे. सिसप्लॅटिनसोबत शिरेतून भरपूर द्रव आणि मॅग्नेशियम द्यायचे. जेंटामायसिन शक्य तिथे दिवसातून तीनदा देण्याऐवजी एकदाच द्यायचे, कारण मेगॅलिनचे दार एका वेळी ठरावीकच माल आत घेते आणि उरलेला लघवीतून निघून जातो.

टवाळ_मुनी

"वृद्धिघटक" हा शब्द ऐकून टक्कलावर चोळायचे तेल वाटते. "सावरघटक" म्हणा.

काचपट्टी

टवाळ_मुनींचा शब्द आकर्षक आहे, पण फसवा आहे. हे घटक नेहमी सावरतातच असे नाही, आणि माझ्या मते सांजवेळ यांच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर तिथेच आहे.

दुरुस्तीची काचपट्टी दोन आठवड्यांनी पाहिली की बहुतेक नलिका पूर्ववत दिसतात, पण मधूनच एखादी आक्रसलेली असते. तिच्या पेशी चपट्याच राहिलेल्या असतात, पायाचा पडदा जाडावलेला असतो आणि भोवती फिकट तंतूंचा वेढा पडू लागलेला असतो. या पेशी मेलेल्या नाहीत, पण कामावरही परतलेल्या नाहीत. विभागणीसाठी तयारी करून, डीएनएची प्रत काढून झाल्यावर, ऐन विभागणीच्या उंबरठ्यावर त्या अडकल्या आहेत. २०१० मध्ये उंदरांवरच्या कामातून असे दिसले की अशा अडकलेल्या पेशी टीजीएफ-बीटा आणि त्याच्या जोडीचे तंतू वाढवणारे घटक सोडत राहतात. रक्तवाहिन्यांना बिलगून बसलेल्या पेशी ती हाक ऐकून जागा सोडतात आणि तंतू विणू लागतात. त्यांनी आधार सोडल्यामुळे नलिकेभोवतीच्या केशवाहिन्या विरळ होतात, प्राणवायू कमी पडतो आणि शेजारची धडधाकट नलिकाही अडचणीत येते.

टीजीएफ-बीटा हाही वृद्धिघटकच आहे. जखम सांधण्यासाठी तो थोडा काळ लागतो. ईजीएफच्या रिसेप्टरचेही तसेच आहे. उंदरांत तो सुरुवातीच्या दिवसांत चालू झाला तर नलिका लवकर भरतात, आणि आठवडेच्या आठवडे चालू राहिला तर तंतू वाढतात. त्यातही सिसप्लॅटिनच्या घुशींमध्ये तो अडवल्याने फायदा झाल्याचे निष्कर्ष आहेत. त्यामुळे "ईजीएफ चांगले की वाईट" हा प्रश्नच नीट बसत नाही. एचजीएफ टीजीएफ-बीटाला विरोध करतो म्हणून त्याच्याकडून अजूनही अपेक्षा आहेत, पण इंजेक्शनने दिलेला घटक संपूर्ण शरीरात जातो. नेमकी कोणती नलिका कोणत्या टप्प्यावर आहे हे त्याला कोणी सांगत नाही. एकाच मूत्रपिंडात एक नलिका भरून आलेली, दुसरी विभागत असलेली आणि तिसरी अडकलेली असते.

रेणूबंध

+१. याच कारणासाठी वरचा इन्सुलिनचा दाखला लागू पडत नाही. इन्सुलिनची मात्रा साखर मोजून ठरवता येते. इथे मोजायचे काय, हेच ठरलेले नाही.

पाऊलवाट

जरा विषयाला धरूनच विचारते. माझ्या मावशीच्या गुडघ्यात तिच्याच रक्तातून काढलेले पीआरपी (प्लेटलेट भरपूर असलेला रक्तद्रव) टोचले. त्यातही वृद्धिघटकच असतात असे सांगितले होते. असे काही मूत्रपिंडात टोचून घेता येते का? तशा जाहिराती पाहण्यात आल्या आहेत.

काचपट्टी

कृपया त्या वाटेला जाऊ नका. प्लेटलेटमध्ये पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा भरपूर असतात. मूत्रपिंडात तंतू विणणाऱ्या पेशींना वाढवणारे संदेश हेच दोन आहेत.

गोळीबंद

पीडीजीएफचे मलम मधुमेही पायाच्या जखमेसाठी १९९७ पासून मान्यताप्राप्त आहे. पण ती जखम डोळ्यांना दिसते, मलम तिथल्या तिथे राहते, आणि भरली की लावणे थांबवता येते. मूत्रपिंडाबाबत यातले एकही शक्य नाही.

संशयात्मा

आणि सुई टोचल्याने रक्तस्राव होतो तो वेगळाच. बायोप्सीसाठी ती जोखीम घेतात, कारण त्यातून माहिती मिळते.

सांजवेळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वृद्धिघटक का देत नाहीत हे आता उमजले. पहिला प्रश्न मात्र अर्धवट राहिला असे वाटते. क्रिएटिनिन १.१ वर आले याचा अर्थ वडिलांच्या सगळ्या नलिका भरून आल्या, की काही अडकून बसल्या आहेत? परवाच्या तपासणीत क्रिएटिनिन १.३ आले आहे, आणि लघवीत अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) "किंचित" असे लिहिले आहे.

काचपट्टी

क्रिएटिनिनवरून ते ओळखता येत नाही. काही नेफ्रॉन बाद झाले तरी उरलेले जादा काम उचलतात आणि आकडा बराच काळ झाकला जातो. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येते. महिनाभर अंथरुणावर राहून स्नायू झिजले असतील तर आकडा मुळातच खोटा कमी दिसतो. जादा काम उचलणाऱ्या नेफ्रॉनवर दाब येतो आणि अल्ब्युमिन निसटू लागते. म्हणूनच डॉक्टरांनी रक्ताबरोबर लघवीही तपासायला सांगितली. "किंचित" या शब्दावर थांबू नका. सकाळच्या लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर मोजून घ्या, रक्तदाबाची नोंद ठेवा आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांना भेटा.

रेणूबंध

इथे ईजीएफ पुन्हा भेटते, पण औषध म्हणून नव्हे. लघवीतील ईजीएफ कमी असलेल्या रुग्णांचे मूत्रपिंड पुढे वेगाने ढासळते असे २०१५ मध्ये दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांत दाखवले गेले. ते बनवणाऱ्या नलिका किती शाबूत आहेत याचा तो अंदाज असतो. नेहमीच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होत नाही, त्यामुळे शोधत फिरू नका.

गोळीबंद

१.१ वरून १.३ हा फरक लहान आहे, पण मी काचपट्टी यांचा पहिलाच प्रश्न पुन्हा विचारतो. आजच्या घडीला वडील काय काय घेतात? डॉक्टरांनी लिहून दिलेलेच नव्हे, सगळे. कृपया विचारून नव्हे, बघून सांगा.

सांजवेळ

बघितले. उशाजवळच्या डब्यात डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली पट्टी निघाली. गुडघ्यांसाठी गेले चार महिने रोज एक गोळी चालू आहे, आणि आजारपणाच्या आधीही "अधूनमधून" घेत होते म्हणतात. ते औषध नसून फक्त दुखण्याची गोळी आहे, म्हणून त्यांनी कधी सांगितले नाही. वर मी "नाही" असे ठामपणे लिहिले होते, त्याबद्दल क्षमस्व.

गोळीबंद

बहुतेक घरांत हेच निघते. मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक वाहिनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनामुळे सैल राहते, आणि ही गोळी नेमके तेच बंद करते. नेफ्रॉन आधीच कमी झालेल्या माणसाला ते लवकर भोवते. रक्तदाबाची गोळी कोणत्या प्रकारची आहे तेही पाहा, कारण काही गोळ्यांसोबत ही जोडी अधिक घातक ठरते. आजपासून ती पट्टी बाजूला ठेवा, आणि गुडघ्यांसाठी दुसरे काय घ्यावे हे डॉक्टरांना विचारा.

सांजवेळ

उद्या सकाळची वेळ घेतली आहे. डिस्चार्ज कार्डही काढून ठेवले. त्यावर जेंटामायसिनचे नाव नाही, "अँटिबायोटिक" एवढेच लिहिले आहे. त्याशेजारी मी लाल शाईने औषधाचे नाव, तारखा आणि ३.४ हा आकडा लिहिला, आणि डायक्लोफेनॅकची पट्टी त्याच कार्डाला टाचणीने लावली आहे.